रुसलेल्या झोआंना व्हिटॅमिन सी: नवख्या रीफवाल्यांसाठी पायरीपायरीने

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये कोरल (प्रवाळ) पाळणारे ते रीफवाले; झोआ, लेदर आणि मशरूम ही त्यातली दगडी सांगाडा नसलेली कोरल. झोआ मिटून बसलेत, लेदरचे तुरे बाहेर यायला तयार नाहीत, मशरूम आक्रसून शर्टाच्या बटणाएवढं झालंय. अशा टँकवाल्याला मुंबईत कुणी ना कुणी सांगतंच, "अरे, व्हिटॅमिन सी टाकून बघ." मग कुठलं, किती, केव्हा असं विचारलं की प्रत्येकाचं उत्तर निराळं. एक म्हणतो मेडिकलमधली गोळी विरघळव, दुसरा म्हणतो चमचाभर पावडर. मी हे प्रकरण स्वतःच्या टँकवर मोजूनमापून चालवलं आहे, म्हणून क्रमाने लिहून ठेवतोय.

माझं मत आधीच सांगतो. व्हिटॅमिन सी टँकमध्ये औषध म्हणून कमी आणि बॅक्टेरियाचं खाणं म्हणून जास्त काम करतं. एवढं डोक्यात पक्कं असलं तर पुढचे निम्मे घोटाळे टळतात.

त्याचं असं आहे. कोरलच्या पेशींत राहणारं शैवाल उष्णतेच्या किंवा प्रखर प्रकाशाच्या ताणाखाली आलं की ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू तयार होतात आणि पेशींची नासधूस करतात. व्हिटॅमिन सी हे रेणू शमवतं, इथपर्यंत सगळं खरं. पण ते समुद्राच्या पाण्यात फार टिकत नाही. पाण्यातल्या तांबं-लोहाच्या अंशांमुळे ते काही तासांतच मोडायला लागतं. मोडल्यावर उरलेला कार्बन बॅक्टेरिया खातात, वाढतात, वाढताना नायट्रेट आणि फॉस्फेट उचलतात, आणि स्किमर (बुडबुड्यांनी पाण्यातला मळ फेसात पकडणारं यंत्र) त्यांना फेसासकट बाहेर काढतो. बॅक्टेरियाला कार्बन मिळावा म्हणून टँकमध्ये व्होडका किंवा व्हिनेगर घालणारे लोक करतात तेच हे. झोआ खुलले की श्रेय सगळं व्हिटॅमिनला जातं. दरम्यान नायट्रेट किती उतरलं ते कुणी बघत नाही.

१. आधी कायद्याचं बघा

सगळी हार्ड कोरल, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि सी फॅन ही वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. वाघ ज्या यादीत, त्याच यादीत. हाजी अली, वरळी, कुलाब्याच्या खडकांवर ओहोटीला प्रवाळ दिसतात. कोस्टल रोडच्या कामात त्यातले काही, परवानगी काढून, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली २०२० मध्ये दुसरीकडे हलवावे लागले होते. तेव्हा तिथून एक तुकडाही घरी आणू नका, आणि कुणी "लोकल पीस आहे, स्वस्तात देतो" म्हणाला तर तिथूनच परत फिरा. पुढचं सगळं मी झोआ, मशरूम आणि लेदर हीच कोरल धरून लिहिलं आहे. दुकानातून घेताना बिल मागून घ्या आणि जपून ठेवा.

२. कोरल का रुसलंय ते शोधा

ही पायरी गाळण्याचा मोह सगळ्यांना होतो, कारण पावडर टाकणं सोपं असतं. खारेपणा बिघडला असेल तर व्हिटॅमिनचा डबा रिकामा केला तरी झोआ उघडणार नाहीत.

मोजायचं ते एवढं:

- खारेपणा ३५ पीपीटी (हजार भागांत ३५), म्हणजे घनता साधारण १.०२५ ते १.०२६. रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं उपकरण) आधी कॅलिब्रेट करा.
- तापमान २५ ते २६ अंश.
- अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) ८ ते ९ डीकेएच, म्हणजे तिच्या मापाचे अंश.
- नायट्रेट २ ते १० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम), फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम.

यातले शेवटचे दोन आकडे सगळ्यांत महत्त्वाचे. नायट्रेट आणि फॉस्फेट आधीच शून्यावर असतील तर व्हिटॅमिन सी टाकू नका. कोरल उपाशी आहे म्हणून मिटलंय, आणि तुम्ही त्याच्या ताटातलं उरलंसुरलं बॅक्टेरियाला देणार. शिवाय अशा रिकाम्या पाण्यात डायनोफ्लॅजेलेट (चिकट तपकिरी थर धरणारे सूक्ष्मजीव) उपटतात, आणि ते काढता काढता लोक टँक विकायला काढतात.

मग रात्री टँकचे दिवे बंद झाल्यावर तासाभराने टॉर्च घेऊन बसा. झोआंच्या देठाशी त्यांच्याच रंगाचे बारीक नूडीब्रँक (बिनकवचाच्या समुद्री गोगलगायी), चकतीसारखे सनडायल गोगलगाय किंवा केसाएवढ्या पायांचे कोळी दिसले तर ते चिमट्याने काढा आणि कोरल डिप करा, म्हणजे कीड मारणाऱ्या द्रावणात थोडा वेळ बुडवा. कीड खाऊन जात असताना व्हिटॅमिनचा काही उपयोग नाही.

झोआ हाताळताना ग्लोव्हज आणि चष्मा घालाच. झोआ आणि त्यांचे भाऊबंद पॅलिथोआ यांत पॅलिटॉक्सिन हे भयंकर विष असू शकतं. झोआ चिकटलेला दगड उकळत्या पाण्यात टाकणं किंवा कोरडा घासणं तर मुळीच नको. त्या वाफेने अख्खं कुटुंब हॉस्पिटलमध्ये गेल्याच्या घटना परदेशात घडल्या आहेत.

मुंबईकरांनी पाण्याचीही झडती घ्यावी. पालिकेचं पाणी क्लोरीन घातलेलं असतं, आणि सोसायटीची टाकी धुतल्यावर ब्लीचिंगचा वास नळाला येतो तो तुम्हाला माहीत आहेच. स्वयंपाकघरातला आरओ चालेल असं वाटतं, पण बहुतेक मशिनांत टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो. तो चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. मिनरल काडतूस असेल तर आणखी भर. टँकसाठी वेगळा आरओ-डीआय (आरओनंतर उरलेले क्षारही काढणारा फिल्टर) हवा आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस शून्य हवा.

३. खरेदी: डब्यावरचं बारीक अक्षर वाचा

हवं आहे ते एकच: शुद्ध एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड (म्हणजेच व्हिटॅमिन सी) किंवा शुद्ध सोडियम ॲस्कॉर्बेट (त्याचंच क्षाररूप), दुसरं काहीही न मिसळलेलं. फूड ग्रेड किंवा फार्मा ग्रेड. लेबलवर ॲडिटिव्ह क्रमांक असेल तर ॲस्कॉर्बिक ॲसिड ३००, सोडियम ॲस्कॉर्बेट ३०१. प्रिन्सेस स्ट्रीटच्या केमिकलवाल्यांकडे विचारा, किंवा ऑनलाइन मागवा. किलोचा डबा स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका. इथल्या दमट हवेत तो संपण्याआधी पिवळा पडेल. शंभर ग्रॅम पुष्कळ झाले.

हे घेऊ नका:

- लिमसीसारख्या चघळायच्या गोळ्या. त्यांत साखर असते, रंग असतो, संत्र्याचा वास असतो. साखर म्हणजे न मोजता दिलेला जादा कार्बन.
- झिंकवाल्या गोळ्या. कोविडच्या काळात घराघरांत साठलेल्या. झिंक जास्त झालं तर कोळंबी, गोगलगाय, कोरल सगळ्यांना बाधतं.
- पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्या. सायट्रिक ॲसिड, सोडा, गोडवा, रंग यांचं मिश्रण.
- लिंबूसत. वाण्याकडे पांढरे आंबट खडे मिळतात, दिसायला अगदी तसेच. ते सायट्रिक ॲसिड, क्रमांक ३३०. त्यात व्हिटॅमिन सी औषधालाही नसतं.
- एरिथॉर्बिक ॲसिड किंवा सोडियम एरिथॉर्बेट, क्रमांक ३१५ आणि ३१६. खाद्यपदार्थ टिकवायला वापरतात. केमिकलवाला "सेम सेम" म्हणून देईल. सेम नाही.

बाकी सामान: ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशातला सोनारी काटा, सुई नसलेल्या ५ आणि २० मिलीच्या सिरिंज, गडद रंगाची काचेची बाटली, अल्कलिनिटी-नायट्रेट-फॉस्फेटचे टेस्ट किट, बॅटरीवर चालणारा एअर पंप आणि एक वही. चालणारा स्किमर टँकवर असलाच पाहिजे. नसेल तर हा लेख इथेच सोडा, आणि आठवड्याला दहा टक्के पाणी बदलत राहा. त्याने बहुतेक वेळा जास्त फायदा होतो.

४. टँकमध्ये खरं पाणी किती

दुकानदार "दोनशे लिटरचा टँक" म्हणतो तो काचेच्या बाहेरच्या मापाने. आपण आतलं पाणी मोजायचं. आतली लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, गुणाकार करा, हजाराने भागा, की लिटर मिळतात. ९० × ४५ × ४२ म्हणजे साधारण १७० लिटर. त्यातून दगड-वाळूचे ३०-४० वजा, संपमधल्या (टँकला जोडलेल्या खालच्या टाकीतल्या) पाण्याचे अधिक. पुढच्या हिशोबाला मी १५० लिटर धरतोय. शंका आली तर कमी आकडा धरा.

एक पीपीएम म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅम. १५० लिटरला ५ पीपीएम म्हणजे ७५० मिलिग्रॅम, पाऊण ग्रॅम. चमच्याने मोजणारे इथेच फसतात. सपाट चमचाभर पावडर चार-पाच ग्रॅम सहज भरते, म्हणजे पहिल्याच फटक्यात ३० पीपीएम.

५. द्रावण तयार करणं

सोडियम ॲस्कॉर्बेट मिळालं असेल तर काम सोपं. ५ ग्रॅम पावडर थोड्या आरओ पाण्यात विरघळवा आणि पाणी घालत ५० मिली करा. एका मिलीत ०.१ ग्रॅम.

नुसतं ॲस्कॉर्बिक ॲसिड मिळालं तर ते खूप आम्लधर्मी असतं, त्याला खाण्याच्या सोड्याने शांत करायचं. प्रमाण वजनाने १ ग्रॅमला ०.४८ ग्रॅम. म्हणजे ४.५ ग्रॅम ॲस्कॉर्बिक ॲसिड आणि २.१५ ग्रॅम सोडा घेतला की साधारण पाच ग्रॅम सोडियम ॲस्कॉर्बेट तयार होतं. हे उंच ग्लासात करा. आधी ॲसिड पाण्यात विरघळवा, मग सोडा चिमूटचिमूट घाला. प्रत्येक चिमटीला फेस वर येतो, ग्लासाच्या काठापर्यंत चढतो आणि चुरचुरत खाली बसतो. तो पूर्ण बसल्याशिवाय पुढची चिमूट नको. शेवटच्या चिमटीला फेस जेमतेम येतो आणि पाणी पुन्हा निवळशंख होतं. एवढ्याशा द्रावणातून अर्ध्या लिटरहून जास्त वायू निघतो, तेव्हा फेस थांबायच्या आत बाटलीचं झाकण घट्ट लावू नका. फुटेल. सोडा म्हणजे साधा खाण्याचा सोडा. बेकिंग पावडर नव्हे आणि ईनोही नव्हे, दोन्हींत इतर भानगडी असतात.

द्रावण फ्रिजमध्ये, तीन दिवसांपुरतंच. बाटलीवर तारीख टाका आणि मोठ्या अक्षरात "पिऊ नये" लिहा, घरात लहान मुलं आणि सरबताच्या बाटल्या असतातच. रंग पिवळसर झाला की सिंकमध्ये ओता. कोरड्या पावडरीचं पावसाळ्यात तसंच: हवाबंद डबा, सिलिका जेलची पुडी, अंधारं कपाट. पावडरीचे गोळे होऊन कडेने तांबूस छटा दिसली की ती संपली समजा.

६. डोस

१५० लिटरच्या हिशोबाने, वरच्या द्रावणाचा:

- पहिले तीन दिवस: रोज २ पीपीएम, म्हणजे ३ मिली.
- चौथ्या दिवसापासून दुसऱ्या आठवड्याच्या शेवटापर्यंत: रोज ५ पीपीएम, म्हणजे ७.५ मिली.
- तिसऱ्या आठवड्यात, पाणी स्वच्छ असेल, मासे नीट श्वास घेत असतील आणि नायट्रेट अजून २ च्या वर असेल तरच: ८ ते १० पीपीएम, म्हणजे १२ ते १५ मिली.

इथे थांबा. परदेशातले लोक २०, ३०, ४० पीपीएमपर्यंत गेलेले आहेत. त्यांच्याकडे मोठाले स्किमर आहेत, थंड हवा आहे. आपल्याकडे दोन्हीची वानवा.

वेळ सकाळची, दिवे लागल्यावर. दिव्यात शैवाल ऑक्सिजन तयार करत असतं. रात्री ते स्वतःच ऑक्सिजन वापरतं आणि पहाटे पातळी सगळ्यांत खाली असते, म्हणून झोपताना डोस कधीच नाही. जास्त प्रवाहाच्या जागी, शक्यतो संपमध्ये, थेंबथेंब सोडा. रुसलेल्या कोरलवर थेट सिरिंज मारू नका. कार्बन रिॲक्टर (कोळशाचा फिल्टर) आणि यूव्ही दिवा डोसनंतर चार-पाच तास बंद ठेवा, नाहीतर घातलेलं तिथेच संपतं.

ओझोन वापरत असाल तर जास्त जपा. व्हिटॅमिन सीने ओआरपी (ओझोनचा कंट्रोलर ज्यावर चालतो तो पाण्याच्या ऑक्सिडेशन क्षमतेचा आकडा) धाडकन खाली येतो. कंट्रोलरला वाटतं पाणी बिघडलं आणि तो ओझोन वाढवत सुटतो. जोवर डोस चालू आहे तोवर ओझोन बंद.

सोबत व्होडका, व्हिनेगर, बायोपेलेट (बॅक्टेरियाला कार्बन पुरवणारे दाणे) यांतलं काही चालू असेल तर एकच निवडा.

७. ऑक्सिजन, आणि मुंबईची हवा

या लेखातला हा भाग दोनदा वाचलात तरी चालेल.

१० पीपीएम सोडियम ॲस्कॉर्बेट शेवटपर्यंत जाळायला लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. २६ अंशांच्या खाऱ्या पाण्यात मुळात मावतो साधारण साडेसहा मिलिग्रॅम, आणि ३० अंशांना त्याहूनही कमी. म्हणजे एका डोसचं देणं टँकच्या एकूण शिल्लकीपेक्षा मोठं. हे देणं एका झटक्यात द्यावं लागत नाही, तासांवर विभागलं जातं, काही कार्बन बॅक्टेरियाच्या शरीरात जाऊन स्किमरमधून निघून जातो, आणि पृष्ठभागावरून हवा सतत आत येत असते. म्हणूनच टँक तगतो. पण पंप बंद पडला तर तगणार नाही.

मुंबईत वीज क्वचित जाते म्हणून आपण बिनधास्त असतो. १२ ऑक्टोबर २०२० ला अख्खी मुंबई एकदम अंधारात गेली होती, काही भागांत तासन् तास. कल्याण-डोंबिवलीवाल्यांना तर हे समजावून सांगायला नको. वीज गेली की आपोआप सुरू होणारा बॅटरीचा एअर पंप टँकला जोडूनच ठेवा. पावसाची झोड, लोंबकळत्या वायरी, वीज जायची चिन्हं दिसत असतील त्या दिवशी डोस नको. गावी जाताना तर अजिबात नको, शेजारच्या काकूंना सिरिंज देऊन जाऊ नका.

मे महिन्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात टँकचं तापमान २८ वर जात असेल तर आधी चिलरचं बघा. पाण्यावर पंखा लावून थंडावा मिळतो तो बाष्पीभवनाने; जुलैच्या दमट हवेत पंखा नुसता फिरतो. एसीची बंद खोली हा आणखी एक सापळा: तापमान छान, पण माणसांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड खोलीत साठतो आणि पीएच खाली बसतो. दिवसातून दोनदा खिडकी उघडा, किंवा स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर काढा.

स्किमर पहिल्या आठवड्यात पातळ, भरपूर फेस काढतो. कप एका रात्रीत भरून वाहू शकतो, आणि फ्लॅटमध्ये वाहणं म्हणजे खालच्या मजल्याचं सीलिंग, मग सेक्रेटरी, मग व्हॉट्सॲप ग्रुप. स्किमर थोडा खाली लावा आणि कपाला ओव्हरफ्लोची नळी जोडा.

८. रोज काय बघायचं

वहीत तारीख, डोस, आणि उघडलेल्या झोआंचा फोटो, रोज त्याच कोनातून, दिव्यांच्या त्याच वेळी. आठवड्यातून दोनदा अल्कलिनिटी, नायट्रेट, फॉस्फेट.

अल्कलिनिटी हळूहळू चढताना दिसेल. सोडियम ॲस्कॉर्बेट पूर्ण मोडलं की मागे बायकार्बोनेट उरतं. १० पीपीएमला रोज ०.१४ डीकेएचपर्यंत. झोआ-मशरूमच्या टँकमध्ये ती वापरणारं फारसं कुणी नसतं, म्हणून दहा दिवसांत एक-सव्वा अंश चढला तर घाबरू नका, बफर घालणं मात्र थांबवा.

चांगली खूण म्हणजे झोआंची झालर आधी अर्धवट, मग पूर्ण पसरते. लेदर मेणासारखी कात टाकतं; तो आजार नाही, प्रवाह वाढवा आणि कात वाहून जाऊ द्या. काचेवरची हिरवी पुटं उशिरा यायला लागतात.

ताबडतोब डोस थांबवायच्या खुणा:

- पाणी दुधाळ झालं.
- मासे पृष्ठभागाशी येऊन भराभर कल्ले हलवताहेत.
- गोगलगाय, कोळंबी पाण्याच्या रेषेपाशी गोळा झालीत.
- दगडांवर पांढरी, चिकट, दोऱ्यांसारखी बॅक्टेरियाची साय धरते आहे.
- वाळूवर लाल-जांभळी चादर पसरली.

पहिल्या तिन्हींत एअर स्टोन दोन ठिकाणी सोडा, वेव्हमेकर (प्रवाह देणारा पंखा) पृष्ठभागाकडे वळवा, दिवे चालू ठेवा आणि तयार असलेल्या खाऱ्या पाण्याने वीस टक्के पाणी बदला. म्हणूनच मिसळून ठेवलेलं एक कॅन पाणी घरात कायम हवं. दुधाळपणा दोन-तीन दिवसांत निवळतो. त्यानंतर पुन्हा सुरू करायचं तर २ पीपीएमपासून.

९. बंद करणं

झोआ खुलले की लोक एका दिवसात डोस तोडतात. रोजच्या खाण्यावर पोसलेले बॅक्टेरिया मग एकदम मरतात, आणि त्यांनी उचललेलं सगळं परत पाण्यात येतं. डोस आठवड्याला निम्म्यावर आणा: १० वरून ५, ५ वरून २.५, मग बंद. चार आठवड्यांत काहीच फरक दिसला नाही तरी याच पद्धतीने बंद करा आणि दुसऱ्या पायरीवर परत जा. कारण तिथेच कुठेतरी आहे. डोस थांबल्यावर पुढचे दोन आठवडे नायट्रेट-फॉस्फेट मोजत राहा. चढायला लागले तर माशांचं खाणं चिमूटभर कमी करा. व्हिटॅमिनचा डबा लगेच पुन्हा बाहेर काढू नका.